वखतसाहेबाची सलामुरी

आमच्या घरात फुंकून वाजवायची कुठलीच वस्तू चालत नसे. जत्रेतली पत्र्याची पिपाणी, आंब्याच्या कोयीची पुंगी, गुंडाळलेल्या कागदाची भोंगी, काहीही नाही. एकदा शाळेतून येताना मी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकत, घुबडासारखा आवाज काढत दारात आले. दादा, म्हणजे माझे वडील, अंगणात सायकलच्या चेनला तेल घालत होते. त्यांनी मान वर केली, माझ्या हातातून बाटली घेतली आणि मोरीशेजारी नेऊन ठेवली. दादा मारणारे नव्हते, आवाज चढवणारेही नव्हते, म्हणूनच ते बाटली नेऊन ठेवणं माझ्या इतकं ध्यानात राहिलं. मायला विचारलं तर ती म्हणाली, त्यांना नाय आवडत, आणि भाकरीचं पीठ मळायला लागली. मी एकुलती एक. माझ्या पाठचं कोणी जगलं नाही. त्यामुळं घरातलं कोडं सोडवायला दुसरं कोणी सोबतीला नव्हतं, आणि बरेच दिवस ते तसंच राहिलं.

आम्ही भावसिंगपुऱ्यात राहायचो. दोन पत्र्याच्या खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, आणि अंगणातून सरळ लेण्यांचा डोंगर दिसायचा. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत. सकाळ व्हायची ती हापशाच्या करकरीनं, मग मायच्या स्टोव्हच्या पंपानं, आणि त्याच्यामागून दादांच्या पटाशीच्या आवाजानं. कामाला निघण्याआधी ते रोज दगडावर तेल टाकून पटाशीला धार लावायचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी लाकडात हुबेहूब करायचा, त्याचा साचा घ्यायचा आणि मग त्यात रस ओतायचा, असं ते काम. चूक झाली तर लोखंड वाया, म्हणून दादांना केसभराचीही गोष्ट दिसायची. घरी आले की त्यांच्या अंगाला सागवानाचा आणि सरसाचा वास यायचा. सरस म्हणजे लाकूड चिकटवायचा तो उकळलेला डिंकासारखा पदार्थ. लोकांना तो वास घाण वाटतो. मला अजूनही एखाद्या सुताराच्या दुकानापुढून जाताना पाय हळू करावेसे वाटतात.

मी तेरा वर्षांची असेन, त्या उन्हाळ्यात कारखान्यात एक परदेशी यंत्र आलं आणि ते बसवायला एक इंजिनिअर आला. सगळे त्याला रशियन म्हणायचे. तो प्रत्येकाला थांबवून सांगायचा, रशिया नहीं, जॉर्जिया. नाव वाख्तांग. याआधी दोन वर्षं भारतात दुसरीकडं काढलेली असल्यामुळं त्याला मोडकं हिंदी यायचं. दादांनी त्याला पहिल्यांदा जेवायला आणलं तेव्हा मायनं नाव दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिला ते जमलं नाही, आणि तिनं आपलं वखतसाहेब करून टाकलं. त्याला ते इतकं आवडलं की तो स्वतःही तसंच सांगायला लागला. माणूस उंच, केस पांढरे व्हायला लागलेले, भुवया मात्र कोळशासारख्या काळ्या. मायनं त्याच्यासाठी मुद्दाम कमी तिखट केलं होतं. त्यानं दादांच्या ताटातला ठेचा बोटानं चाखला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा घेतला. त्यांच्याकडंही मिरची-लसणाचं असंच वाटण असतं म्हणाला, आणि मक्याची भाकरीही. ज्वारीच्या भाकरीकडं त्यानं बराच वेळ पाहिलं. ही हातानं थापतात हे त्याला ठाऊक होतं, कारण त्याची आई तशीच थापायची.

हल्ली आमच्या शेजारची मुलगी डॉक्टरकीला त्याच देशात, तिबिलिसीला आहे. आपल्याकडची पुष्कळ पोरं आता तिकडं शिकतात. ती मला फोनवर तिथले रस्ते दाखवते आणि मी तिला मिरचीच्या वाटणाबद्दल विचारते. काकू, तुम्हाला हे कसं माहीत, असं ती विचारते.

जेवण झाल्यावर त्या दिवशी वखतसाहेबानं पिशवीतून एक हातभर लांबीची, तपकिरी रंगाची लाकडी नळी काढली. सलामुरी म्हणाला. जर्दाळूच्या लाकडाची, पुढं सात भोकं आणि मागं अंगठ्याला एक. तोंडाशी लाकडाचाच एक छोटा गुट्टा बसवलेला, आणि गुट्टा व नळी यांच्यामध्ये कागद जाईल एवढी फट. ती त्याच्या थोरल्या भावानं केलेली होती. भाऊ डोंगरात मेंढरं राखायचा, आणि तो आता नव्हता. हे सगळं सांगून वखतसाहेबानं ती ओठाला लावली. मी दादांकडं पाहिलं. पाहुणा वाजवतोय, त्याला काय म्हणणार. दादा उठले, पाणी आणतो म्हणाले, आणि वाजवणं थांबेपर्यंत आतल्या खोलीत माठाजवळ उभे राहिले. आवाज पातळ होता, वर जाऊन थरथरायचा आणि मग एकदम उतारावर सुटल्यासारखा खाली यायचा.  बाहेर येताना दादांच्या हातात तांब्या नव्हता.

मे महिन्यात आमच्याकडं लाकडाची दारं आकसतात आणि कड्या बसेनाशा होतात. ती सलामुरी तर परक्या मुलखातली. वखतसाहेबानं ती खोलीच्या खिडकीत ठेवली होती. एका दुपारी ती तोंडापासून खाली चार बोटं तडकली आणि गुट्टा सैल होऊन आत गेला. दुसऱ्या दिवशी तो ती रुमालात गुंडाळून पॅटर्न शॉपमध्ये दादांकडं घेऊन आला. कारखान्यात लाकडाला हात लावण्याजोगा माणूस त्याच्या मते एकच होता. दादा म्हणाले, हे काम मी करत नाही. त्याला वाटलं आपलं हिंदी चुकलं. त्यानं पुन्हा सांगितलं, दादांनी पुन्हा तेच सांगितलं. मग संध्याकाळी तो आमच्या घरी आला, ओट्यावर बसला आणि रुमाल मांडीवर ठेवला. माय चहा घेऊन आली. तिनं रुमाल उघडून पाहिला, तडा बोटानं चाचपला आणि दादांना म्हणाली, "लाकूडच हाय ना हे? लाकडाचं काम तुमचं. वाजवायचं काम त्याचं. भावाची वस्तू हाय त्याच्या." दादांनी रुमाल उचलून आत नेला.

तडा त्यांनी एका संध्याकाळीत बुजवला. सरस भरला, त्यावर मेण लावलेला दोरा असा गच्च आणि सारखा गुंडाळला की जणू तो मुळातच तिथं असावा. खरं काम गुट्ट्याचं होतं. नवा गुट्टा त्यांनी यंत्र ज्या खोक्यातून आलं होतं त्या खोक्याच्या मऊ लाकडाचा केला. तो आत बसल्यावर वाऱ्याला जी फट राहते ती केसभर जास्त झाली तर नुसता फुसफुसाट होतो आणि केसभर कमी झाली तर आवाज गुदमरतो. ते मोजपट्टीनं कळत नाही, फुंकूनच कळतं. दादा बराच वेळ नळी हातात धरून अंगणात बसले. मग त्यांनी मला हाक मारली आणि नळी माझ्यापुढं धरली.

"तू फुंक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी आमचं तेच चाललं. दादा कामावरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की अंगणात पोतं अंथरायचे. मी फुंकायची, ते मान तिरपी करून ऐकायचे, गुट्टा काढायचे, काचेच्या तुकड्यानं एक खरवड काढायचे, पुन्हा बसवायचे. पुन्हा फुंक. जोरात नको. पोटातून. त्या सात-आठ संध्याकाळी मला अजून जशाच्या तशा दिसतात, आणि खरं सांगायचं तर वडिलांच्या इतकं जवळ मी त्याआधी कधी बसले नव्हते. त्यांच्या बोटांवर जुने व्रण होते ते मी तेव्हाच पहिल्यांदा मोजले. माय चुलीवर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी करायची, तिचा खमंग वास अंगणात यायचा, आणि ती दारातून उगाचच डोकावून जायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी भोकं झाकून फुंकायची वेळ आली. माझी बोटं काही नीट बसेनात, कुठून तरी वारा निसटायचा. दादांनी बोलता बोलता माझी बोटं धरली आणि एकेक करून भोकांवर ठेवली. टोकानं नाही, पेरानं झाकायचं, असं म्हणाले. ते इतक्या सहज झालं की आधी मला काही वाटलंच नाही. मग वाटलं. मी नळी खाली घेतली आणि विचारलं, "तुम्हाला येतं?"

त्यांनी हातातली काच कागदात नीट गुंडाळून ठेवली आणि मग सांगायला लागले. आमचे आबा, म्हणजे दादांचे वडील, कन्नडच्या पुढं घाटाच्या तोंडाशी आमच्या गावी राहायचे. ते आणि त्यांचे वडील सनई वाजवायचे. गावात कुणाचंही लग्न असो, वाजवायचं आमच्या घरानं. मोठ्यांच्या दारात उभं राहून, मांडवाच्या बाहेर, जिथं जनावरं बांधलेली असतात तिथं. सगळ्या पंगती उठल्यावर उरलं ते पदरात घ्यायचं. दादा सातव्या वर्षापासून आबांच्या शेजारी उभे राहायचे, आणि अकरा-बारा वर्षांचे होईतो ते असे वाजवायला लागले की लोक आबांना सोडून पोराला वाजवायला लावायचे. मग आमच्या माणसांनी धम्म घेतला. गावकीची सगळी कामं सोडायची ठरलं. आबांनी दोन्ही सनया विहिरीत टाकल्या, एक स्वतःची आणि एक दादांच्या हातातून काढून घेतलेली, आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून शब्द घेतला की पुन्हा तोंडाला लावायचं नाही. दादांनी दिला. आबांचं म्हणणं त्यांना पटलं होतं. तीच तर अडचण होती. पटलं नसतं तर भांडता तरी आलं असतं. दादा शहरात आल्यापासून बापलेक वर्षातून दोनदा भेटायचे आणि पाऊस, औषध आणि यष्टीची वेळ यांपलीकडं काही बोलायचे नाहीत. हे तर मी स्वतःच पाहत आले होते. मला वाटायचं मोठी माणसं अशीच असतात.

गुट्टा अखेर बसला. आवाज आला, पण वरच्या पट्टीत एका भोकाचा सूर डळमळायचा. तो दोष नळीचा की माझ्या दमाचा, हे दादांना ठरवता येईना. वखतसाहेबाच्या हातात सदोष वस्तू द्यायची त्यांची तयारी नव्हती आणि स्वतः तोंडाला लावायची मुभा नव्हती. त्या रविवारी ते सकाळी उठून मला म्हणाले, चल, गावी जाऊ. वखतसाहेबाला निरोप गेला, तर तोही बस स्टँडवर टोपी घालून हजर. कन्नडच्या गाडीत तो खिडकीशी बसला. दौलताबाद गेलं, खुलताबादची चढण गेली, वेरूळ मागं पडलं. तो डोंगर पाहत होता आणि दादा समोरच्या सीटचा दांडा. सलामुरी माझ्या मांडीवर होती.

आबा विहाराला लागून दीड खोलीत एकटे राहायचे आणि स्वतःची भाकरी स्वतः थापायचे. आम्ही पोचलो तेव्हा ते दारातल्या लिंबाखाली बाज विणून शेवटची गाठ मारत बसले होते. वखतसाहेबाला पाहून ते उठले नाहीत, पण नुकतीच विणलेली बाज हातानं झटकून त्याच्यापुढं सरकवली. पाणी झालं. दादांनी रुमाल उलगडला आणि सरळ सगळं सांगितलं: वस्तू कुणाची, कशी तडकली, आपण काय केलं, काय राहिलं. इतकी वाक्यं सलग ते आबांशी बोलताना मी प्रथमच ऐकत होते. आबांनी नळी हातात घेतली. नाव काय म्हणून विचारलं. सलामुरी म्हटल्यावर ते कोरडं हसले. सलाम तर नावातच हाय म्हणाले, आणि पाहुण्याकडं वळून आपल्या दख्खनी हिंदीत विचारलं, ये किसके आगे बजाते?

भेड़ के आगे, वखतसाहेब म्हणाला.

आबांनी नळी फिरवून पाहिली. गुंडाळलेल्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "और शादी में?"

शादीतही वाजवतात, तो म्हणाला. त्याच्या भावानं त्याच्याच लग्नात वाजवली होती.

"बजानेवाला खाने को कहाँ बैठता?"

वखतसाहेबाला प्रश्न कळला नाही. त्यानं दादांकडं पाहिलं. दादांनी खाली मान घालून तोच प्रश्न हळूहळू पुन्हा सांगितला. तरी त्याच्या चेहऱ्यावर गोंधळच. शब्द त्याला सगळे कळले होते, त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, सब के साथ बैठता. और कहाँ बैठेगा?

आबा त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. माणूस खोटं बोलतोय का, हे बघत असावेत. लिंबाच्या वाळक्या लिंबोळ्या बाजेवर पडत होत्या. मग त्यांनी नळी दादांपुढं धरली. दादा ती घ्यायला उभे राहिले, तसे आबा म्हणाले, "उभं नाय ऱ्हायचं. बाजंवर बस. बसून वाजव."

दादा बसले. वखतसाहेबाच्या शेजारी, नव्या सुतळीवर. पहिली फुंकर नुसती वाऱ्याची गेली. दुसरीही. मला भीती वाटली की हे सगळं आता इथंच थांबणार. मग आवाज आला, आणि तो डळमळणारा सूर डळमळला नाही, म्हणजे दोष माझ्याच दमाचा होता. दादांनी जे वाजवलं ते नवरीला सासरी धाडताना वाजवायचं काहीतरी होतं. सनईतलं ते त्या परक्या नळीत जरा तिरकं चालत होतं, काही जागा सापडत नव्हत्या, तिथं ते बोट अर्धं उचलून सूर दाबून आणत होते. वस्तीतल्या बाया दारांत आल्या. वखतसाहेबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी आबांकडं पाहत होते. त्यांचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर काहीच नाही. वाजवून झालं.  दादांनी नळी रुमालानं पुसली आणि आपल्या बापाकडं पाहिलं. चौतीस वर्षांचा माणूस, पण त्या क्षणी माझ्यापेक्षा लहान दिसत होता.

"मधी दम तोडला तू," आबा म्हणाले. "पुन्हा घे."

त्या दिवशी दादांनी ते पाचदा वाजवलं. पाचव्यांदा आबांनी मान डोलावली आणि भाकरी टाकायला उठले. आम्ही चौघं एका ओळीत जेवायला बसलो. वखतसाहेबानं आबांच्या भाकरीची तारीफ केली. आबांनी त्याला सांगितलं की पोरगं चांगलं वाजवायचं, मीच बंद केलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, पण बावीस वर्षं मला झोप लागायच्या आधी रोज तेच ऐकू येतं. हे त्यांनी हिंदीत पाहुण्याला सांगितलं. दादा शेजारीच बसले होते, पण आबांनी त्यांना ते मराठीत कधी सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही. दादांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला.

यंत्र सुरू झालं आणि वखतसाहेब पावसाळ्याच्या तोंडाशी गेला. जाण्याआधी दादांनी सलामुरीचं मापासकट चित्र काढून घेतलं होतं. त्याचं एक पत्र आलं, मोडक्या इंग्रजीत, आत त्याच्या आईचा फोटो. आम्ही उत्तर धाडलं. पुढं काय झालं कळलं नाही. काही वर्षांनी त्यांचा तो मोठा देश फुटला, दादा रेडिओवर बातम्या ऐकायचे आणि जॉर्जियाचं नाव आलं की मला खुणेनं गप्प करायचे. शेजारच्या मुलीला मी त्याचं नाव सांगून पाहिलं. ती हसून म्हणाली, काकू, इथं प्रत्येक गल्लीत एक वाख्तांग आहे.

दादांनी त्या चित्रावरून शिसवीची एक नळी केली. चौथ्या खेपेला जमली. आणि दिवाळीनंतर, ज्यांनी शहरात राहायला यायला इतकी वर्षं नकार दिला होता ते आमचे आबा एक दिवस बोचकं घेऊन दारात उभे राहिले. चार दिवस राहतो म्हणाले. ते शेवटपर्यंत राहिले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी दादांकडून ती शिसवीची नळी मागून घेतली, एका भोकाची जागा चुकली आहे म्हणाले. दादा म्हणाले, मापाबरहुकूम आहे. आबा म्हणाले, माप चुकलं असंल. मग दोघं अंगणात पोतं अंथरून बसले ते बसलेच. आधी भोकावरून, मग एका जागेच्या सुरावरून, मग आबांच्या वडिलांनी ती जागा कशी घेतली होती यावरून, आणि मग कुठल्या लग्नात कुठं काय झालं होतं त्यावरून. दादांचा आवाज चढलेला मी आयुष्यात प्रथमच ऐकला. आबांचा त्याहून मोठा. माय आमटीची पळी हातात घेऊन दारात उभी होती, हसूही दाबत होती आणि डोळेही पुसत होती. शेजारच्या बाई कुंपणापाशी येऊन काळजीनं विचारायला लागल्या की बापलेकांचं भांडण लागलंय का, मधी पडायला कुणाला बोलवू का.

"नाय हो बाई," माय म्हणाली, "बोलतायत."